सुपरहिरो कसा बदलत गेला, हे अंकागणिक कसं वाचावं

कॉमिक्समधले सुपरहिरो काळानुसार कसे बदलले हे समजून घ्यायचं असेल, तर त्यांच्या शक्तींची यादी करत बसू नका. शक्ती वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक अंक मिटताना वहीत एक ओळ लिहा: या अंकात याला काय जमलं नाही? कधी अंगात बळ कमी पडलं म्हणून, कधी प्रकाशकांच्या नियमात बसत नव्हतं म्हणून, कधी समोरच्याच्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं म्हणून. अशा पंधरा-वीस ओळी एकाखाली एक आल्या की १९३८ पासूनचा सगळा प्रवास त्यात दिसायला लागतो. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे माझी वाचायची पद्धत थोडी चित्रकाराची आहे. तीच इथे सांगते.

सुरुवातीला एकच हिरो धरा

मार्व्हल किंवा डीसी, या दोन मोठ्या प्रकाशकांपैकी एकाचं सगळं एकदम वाचायला घेतलं की माणूस दुसऱ्या आठवड्यात सोडून देतो. एकच हिरो निवडा, आणि शक्यतो सुपरमॅन निवडा. कारण साधं आहे. तो पहिल्यापासून आहे, त्याचे अंक कधी थांबले नाहीत आणि त्याचा पोशाख जवळजवळ तोच राहिला. बाहेरचं रूप तेच असलं की आत काय बदललं ते लवकर नजरेत येतं. बॅटमॅनही चालेल. स्पायडरमॅन मला फार प्रिय आहे, पण तो १९६२ मध्ये आला, म्हणजे गोष्टीची पहिली चोवीस वर्षं त्याच्याकडे नाहीतच.

चित्रपटातून डोक्यात बसलेला सुपरमॅन बाजूला ठेवता आला पाहिजे. त्यासाठी मूळ अंकच वाचा, नंतर कुणीतरी नव्याने सांगितलेली जन्मकथा नको. जुन्या अंकांच्या हुबेहूब प्रती निघतात, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसकट. त्या मिळाल्या तर सोनंच. संग्रहांमध्ये बऱ्याचदा रंग नव्याने भरलेले असतात. गुळगुळीत कागदावरचे ते चकचकीत रंग पाहिले की १९३८ चं पान कालचं वाटायला लागतं आणि त्या काळाचा वासच निघून जातो.

मुखपृष्ठावरची तारीख जशीच्या तशी धरू नका

त्या काळात अंकावर छापलेला महिना हा अंक विक्रीला यायच्या बराच पुढचा असायचा. वहीत दोन्ही लिहा, कारण कधीकधी सगळा अर्थ त्या फरकात असतो. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलेलं आहे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिकाला हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवलं. अंक विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये. पर्ल हार्बरवर हल्ला झाला डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभरानंतर. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, आणि उतरू नये असं म्हणणारेही पुष्कळ होते. तारखा नीट लावल्या नाहीत तर ते चित्र युद्धकाळातल्या सरकारी भित्तिचित्रासारखं वाटतं. नीट लावल्या की कळतं, त्या दोघांनी जाहीरपणे बाजू घेतली होती, आणि तीही देशाने घ्यायच्या आधी.

१९३८ वर जास्त वेळ घालवा

इथे घाई करू नका. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला, जून १९३८ च्या. किंमत दहा सेंट. हा सुपरमॅन उडत नाही. उडी मारतो, फार तर दोनशे मीटर. वीस मजली इमारत ओलांडतो. धावतो ते एक्स्प्रेस गाडीपेक्षा वेगाने. तोफगोळा फुटला तर त्याच्या कातडीला इजा होऊ शकते. आजच्या मानाने शक्ती बेताचीच. आता तो काय करतो ते बघा. एका निर्दोष बाईला फाशीपासून वाचवायला रात्री राज्यपालाच्या घरात घुसतो आणि त्याच्या झोपायच्या खोलीचं पोलादी दार उपटून काढतो. बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला भिंतीवर आपटतो. वॉशिंग्टनला जाऊन एका सिनेटरशी संगनमत करणाऱ्या दलालाला उचलतो आणि टेलिफोनच्या तारांवरून पळत सुटतो.

तिसऱ्या अंकात एक खाण आहे. आत माणूस अडकलेला, सुरक्षेची साधनं निकामी, आणि मालक खर्च करायला तयार नाही. सुपरमॅन खाणमजुराच्या वेषात सगळं पाहून येतो. मग मालकाच्या घरी मेजवानी चालू असते तिथे पोचतो. पाहुण्यांना गंमत म्हणून खाणीत उतरायची हुक्की येते आणि सगळे खाली गेल्यावर तो छत पाडतो. भारी कपड्यांतले ते स्त्री-पुरुष अंधारात धोक्याची घंटा वाजवून बघतात. ती वाजत नाही. मग त्यांना स्वतःच्या हाताने माती उपसावी लागते. या पानांवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी नुसते हात काढून पाहिले आहेत. फावडं कसं धरायचं हे त्यातल्या कुणालाच माहीत नाही, हे शुस्टरने चार-दोन रेषांत दाखवलंय. आठव्या अंकात तर तो सरकारला नवी घरं बांधायला लावण्यासाठी अख्खी झोपडपट्टी पाडून टाकतो.

१९३८ पुढे वहीत काय लिहायचं? उडता येत नाही. पण मालक, सिनेटर, सरकार, कुणालाही हात घालता येतो.

आता लगेच १९७२ चा एक अंक वाचा. मधले सगळे सोडून. ‘सुपरमॅन’ क्रमांक २४७, लेखक इलियट मॅगिन. या सुपरमॅनच्या शक्तीला अंत नाही, तो तारे-ग्रहांमधून परततो आहे. कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या एका मुलाला मारहाण होताना पाहतो आणि मारणाऱ्याला अडवतो. मजूर आशेने त्याच्याभोवती जमतात. आणि तो सांगतो की तुमचे प्रश्न तुम्हीच सोडवायला हवेत. ‘विश्वाचे रक्षक’ म्हणवणाऱ्या परग्रहवासीयांनी त्याच्या मनात शंका पेरलेली असते: आपल्या मदतीने माणसांची वाढच खुंटत तर नाही ना? १९३८ चा सुपरमॅन या मजुरांसाठी काय करून बसला असता, याचा विचार करत हे दोन अंक शेजारी ठेवून बघा. मला दोन्ही पटतात आणि दोन्ही अस्वस्थ करतात.

नियम कुठून आला ते शोधा

‘जमलं नाही’च्या रकान्यात पुष्कळ गोष्टी हिरोच्या स्वभावाच्या वाटतात, पण त्या कुणीतरी ठरवलेल्या असतात. बॅटमॅन कुणाला मारत नाही, हे आपण गृहीत धरतो. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ मध्ये त्याच्या ठोशाने खलनायक ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि बॅटमॅनला त्याचं दुःख वगैरे काही होत नाही. १९४० च्या ‘बॅटमॅन’ पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बजावलं की यापुढे बॅटमॅन जीव घेणार नाही, बंदूक वापरणार नाही. पुढच्या लेखकांनी या बंधनाला आई-वडिलांच्या खुनाशी जोडलं, त्याला खोली दिली, आणि आज तेच त्या पात्राचं हृदय आहे. संपादकाच्या एका सूचनेतून इतकं काही उगवू शकतं, ही मला या माध्यमातली फार मोठी गोष्ट वाटते.

सगळ्यात मोठा नियम १९५४ चा. गुन्हेगारी आणि भयकथांच्या कॉमिक्सवर गदारोळ उठला, सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ बसवला. मुखपृष्ठावर, बहुधा वरच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटासारखा पांढरा शिक्का शोधा. तो कायदा नव्हता, पण शिक्का नसेल तर वितरक अंक घ्यायला तयार नसत, त्यामुळे कायद्यासारखाच चालला. प्रत्येक वेळी चांगल्याचा विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे, पोलिस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकाऱ्यांबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. म्हणजे राज्यपालाचं दार उपटणाऱ्या सुपरमॅनला आता त्या घराकडे बोट दाखवणंही अवघड.

मग तो सगळा जोर कुठे गेला? अवकाशात, आणि घरात. पन्नासच्या दशकाच्या शेवटी सुपरमॅन ग्रह ढकलतो, भूतकाळात जातो, त्याला चुलत बहीण मिळते. पण १९५८ मध्ये आलेलं कँडोर पाहा: सुपरमॅनच्या जन्मग्रहावरचं, क्रिप्टॉनवरचं एक शहर, खलनायकाने आकसवून बाटलीत कोंडलेलं. सुपरमॅन ते आपल्या एकांतगडात जपून ठेवतो आणि वर्षानुवर्षं त्याला पुन्हा मोठं करू शकत नाही. हा काळ बालिश म्हणून लोक ओलांडून जातात. तसं करू नका. रस्त्यावरचे प्रश्न मना झाल्यावर लेखकांनी त्याच्या घरातच एक न सुटणारा प्रश्न आणून ठेवला, आणि तो काचेतून रोज त्याच्याकडे बघतो.

१९६१ नंतर अंग बघा

इथून सुपरमॅन थोडा वेळ सोडून मार्व्हलकडे या. ‘फँटॅस्टिक फोर’च्या पहिल्या अंकात, नोव्हेंबर १९६१, चौघांना पोशाखच नाहीत, ते तिसऱ्या अंकात येतात. त्यातला बेन ग्रिम शक्ती मिळाल्याने दुःखी आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला, आणि स्टीव्ह डिटकोच्या रेषेत आला. पेन्सिल घेऊन त्याचा एक सांगाडा काढून पाहा. खांदे अरुंद, कोपर-गुडघे भलत्याच कोनात, छाती काढायची तर फुगवायला जागाच नाही. चेहरा पूर्ण झाकलेला, ओठसुद्धा दिसत नाहीत, त्यामुळे सगळा अभिनय अंगावर. आणि मनात काही चाललं असेल तर डिटको पीटरच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या मुलाच्या, चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर मुखवटा काढतो.

‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या पहिल्या अंकातला एक प्रसंग मी प्रत्येकाला वाचायला लावते. घरात पैशांची ओढाताण आहे. पीटर स्पायडरमॅन होऊन प्रयोग करतो, मोबदला चेकने मिळतो, चेकवर नाव ‘स्पायडरमॅन’. बँकेतला कारकून म्हणतो, ओळखपत्र दाखवा. पोशाख काय, कुणीही घालू शकतो. गाडी उचलणाऱ्या मुलाला चेक वटवता येत नाही! वहीत ही ओळ जशीच्या तशी उतरवा. पुढच्या दहा वर्षांच्या मार्व्हलचा सगळा जीव तिच्यात आहे.

१९७० ते १९७४: एकेक पान सावकाश

मला हा काळ सगळ्यात मोलाचा वाटतो. फार अंक लागत नाहीत, चार गोष्टी पुरेत.

एप्रिल १९७० चा ‘ग्रीन लँटर्न’ क्रमांक ७६, डेनी ओ’नील आणि नील ॲडम्स. ग्रीन लँटर्न रस्त्यात एका सुटातल्या माणसाला जमावापासून वाचवतो. नंतर कळतं की तो माणूस घरमालक आहे आणि भाडेकरूंना रस्त्यावर काढतो आहे. एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस त्याला विचारतो: तू निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्यांसाठी कामं केलीस म्हणे, मग काळ्यांसाठी कधी काहीच कसं केलं नाहीस? ग्रीन लँटर्नची मान खाली जाते. अंगठीने वाटेल ते घडवणारा माणूस, आणि वाक्य पूर्ण होत नाही. ॲडम्सने इथे म्हाताऱ्याचा चेहरा सुरकुती न सुरकुती काढलाय. यानंतर ‘ॲक्शन कॉमिक्स’चा आठवा अंक पुन्हा उघडा. तिथे हिरो जुनी घरं पाडत होता, इथे तो घरमालकाला वाचवून आलाय.

१९७१ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे ९६ ते ९८ हे अंक कोडच्या शिक्क्याशिवाय निघाले. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने अमली पदार्थांविरुद्ध गोष्ट करायला सुचवलं होतं आणि कोडला तो विषयच चालत नव्हता. त्याच वर्षी कोड सैल करण्यात आला.

जून १९७३, त्याच मालिकेचा क्रमांक १२१. पीटरची मैत्रीण ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, स्पायडरमॅनचं जाळं तिच्या पायाला धरतं, आणि तिच्या मानेपाशी बारीक अक्षरांत काहीतरी मोडल्याचा एक आवाज लिहिलेला आहे, ‘SNAP’. पटकन वाचाल तर सुटेल इतका लहान. तिला पडण्याने मारलं की वाचवण्याने, हा प्रश्न त्या चार अक्षरांनी कायमचा लावून दिला. गोष्टीचं नाव मुद्दाम शेवटच्या पानावर छापलंय, म्हणून अनुक्रमणिका आधी चाळू नका.

चौथी, ‘कॅप्टन अमेरिका’ क्रमांक १७५, जुलै १९७४. एका गुप्त संघटनेचा म्होरक्या पळत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. त्याचा चेहरा आपल्याला दाखवत नाहीत, पण कॅप्टन अमेरिका तो पाहतो आणि हादरतो. वॉटरगेट प्रकरण तेव्हा ऐन भरात होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे अंक आला तेव्हा ते अजून पदावर होते. पुढच्या अंकात स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे त्या पोशाखातला माणूस, कॅप्टन अमेरिका असणंच सोडतो. हिटलरला ठोसा मारणारा हात इथे कुणावरच उगारता येत नाही.

पुढचं भराभर

१९८६ ला सगळे थांबतात, तुम्हीही थांबा, पण तिथून सुरुवात करू नका. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मधला बॅटमॅन पंचावन्न वर्षांचा आहे आणि त्याचं अंग दुखतं. ‘वॉचमन’मध्ये खरी अमानवी शक्ती एकाच पात्राकडे आहे, आणि माणसांत रस टिकवणं त्यालाच सगळ्यात अवघड जातं. या दोन्ही कलाकृती आधीच्या पन्नास वर्षांशी वाद घालतात. तो वाद कळायला समोरच्या बाजूचं म्हणणं आधी वाचलेलं हवं.

नव्वदच्या दशकात गोष्टीपेक्षा पानाची रचना बघा. खांदे फुगतात, पावलं बारीक होतात, पट्ट्यांवर खिसेच खिसे येतात. ‘एक्स-मेन’चा १९९१ चा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह ऐंशी लाखांहून जास्त खपला. त्यातल्या कितीतरी प्रती न वाचता जपून ठेवण्यासाठीच घेतल्या गेल्या. या काळातलं मला मनापासून आवडणारं काम म्हणजे सुपरमॅनचा मृत्यू. शेवटच्या चार अंकांत चौकटी मोजा: आधी पानाला चार, मग तीन, मग दोन, आणि ‘सुपरमॅन’ क्रमांक ७५ मध्ये प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. मरण जवळ येतं तशी पानावरची जागा मोकळी होत जाते. कुणीही वाचक हे न मोजताही अंगावर अनुभवतो. मोजलं की कसं केलं ते कळतं.

२००१ मध्ये मार्व्हलने कोड सोडला, २०११ मध्ये डीसीने, आणि तो शिक्का संपला. तिथून वहीतल्या ओळी बदलतात. २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आला, २०१४ मध्ये कमला खानची स्वतःची मालिका सुरू झाली. कमला जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी अमेरिकी घरातली सोळा वर्षांची मुलगी. तिला रूप बदलता येतं, आणि पहिल्याच फटक्यात ती सोनेरी केसांची, जुन्या मिस मार्व्हलच्या पोशाखातली बाई होऊन बाहेर पडते. दुसऱ्या अंकात बुडणाऱ्या मुलीला वाचवते तीसुद्धा त्याच उसन्या अंगाने. हवं ते रूप घेता येतं, पण स्वतःच्या रूपात हिरो होणं अजून जमत नाही. १९३८ पासूनच्या यादीत अशी ओळ तोवर आलेली नसते.

एक रकाना शेजारच्या माणसांसाठी

हिरोपेक्षा त्याच्या आसपासची माणसं जास्त प्रामाणिकपणे बदलतात. सुपरमॅनच्या गोष्टींतल्या पत्रकार लोइस लेनचा वेगळा रकाना ठेवा. पहिल्याच अंकात ती नाचाच्या जागी अंगावर येणाऱ्या गुंडाच्या थोबाडीत मारते. १९५८ पासून तिच्या नावाचं स्वतंत्र मासिक निघालं, पण नावातच ‘सुपरमॅनची मैत्रीण’, आणि कित्येक गोष्टींत तिचा सगळा हुशारपणा लग्न जमवण्यात खर्ची पडतो. १९९१ मध्ये क्लार्क, म्हणजे साध्या कपड्यांतला सुपरमॅन, तिला आपली खरी ओळख स्वतः सांगतो, १९९६ मध्ये लग्न होतं. त्यानंतर ती त्याच्या अडचणीत बरोबरीची भागीदार असते.

आणि काळ सरळ रेषेत जातो असं धरू नका. सोनेरी, रुपेरी, कांस्य अशी युगांची नावं खुणेपुरती ठीक. दु:खी आणि कठोर हिरो म्हणजे प्रगत हिरो, हे तर मुळीच खरं नाही. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या दहाव्या अंकात, दोन हजारच्या दशकात, एका उंच इमारतीच्या कडेवर मुलगी उभी आहे. सुपरमॅन मागून येतो, तिच्याशी दोन वाक्यं बोलतो, जवळ घेतो. एकच पान. १९३८ चा सुपरमॅन हे करू शकला असता का, यावर मी अजून स्वतःशी भांडते.

दुसरा हिरो निवडताना

सुपरमॅन झाला की वंडर वुमन घ्या, कारण तिच्याबाबतीत वाचकांनी मध्ये हात घातला. विल्यम मार्स्टन यांनी लिहिलेली आणि एच. जी. पीटर यांनी काढलेली १९४१ ची पहिली गोष्ट आधी वाचा. मग थेट १९६८ चे अंक: तिच्या शक्ती जातात, पोशाख जातो, ती कपड्यांचं दुकान काढते आणि हातापायांची लढाई शिकते. लेखकांना वाटलं, शक्ती नसलेली स्वतंत्र बाई जास्त आधुनिक. १९७२ मध्ये ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने आपल्या पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर तिला जुन्या पोशाखात, शहरापेक्षा उंच असं उभं केलं. १९७३ मध्ये तिच्या शक्ती परत आल्या. हे तीन टप्पे वाचून झाले की ‘जमलं नाही’चा रकाना भरा, आणि शेजारी आणखी एक आखा: हे जमू नये असं कुणाला वाटत होतं?